देवमासे मोकळे सोडण्याचा ठराव

जगातली सगळी संपत्ती कुणाकडे ना कुणाकडे असतेच. ती सगळ्यांकडे असावी असा हट्ट अधूनमधून कुणीतरी धरतं, आणि त्या बिचारीची उगाच दारोदार दमछाक होते. चार दिवस हिंडून ती थकली की पुन्हा आपल्या माणसांकडे येऊन पाय पसरते. माणसं तीच असतात, फक्त त्यांना काय म्हणायचं ते काळाप्रमाणे बदलतं. पूर्वी सावकार म्हणत, मग शेठ म्हणू लागले. डिजिटल चलनाच्या शास्त्रात त्यांना देवमासे म्हणतात, आणि ही प्रगती लहान नव्हे. सावकाराला हात जोडावे लागत; देवमाशाला ते आपसूक जोडले जातात.

तारोडीच्या शकूने ते पहिल्यांदा जोडले माघात, मीरा रोडच्या एका सोसायटीच्या थंडगार हॉलमध्ये, खुर्चीवर मांडी घालून बसलेली असताना.

शकू जातीची कोळीण. बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळवायचे आणि भाईंदरच्या बाजारात नेऊन विकायचे, हा तिचा धंदा. नवरा जानू, त्याची स्वतःची होडी. त्या होडीचं इंजिन पौषात बसलं, आणि असं बसलं की मिस्त्रीने ते उघडून पाहिलं आणि पुन्हा झाकलं. तेव्हापासून जानू दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जायला लागला. स्वतःची होडी किनाऱ्यावर ठेवून जो दुसऱ्याच्या बोटीवर जातो, तो घरी जेवायला बसला की ताटाकडेच बघतो. नवं इंजिन दोन लाख साठ हजारांचं. शकूने पाटल्या मोडल्या, भिशी उचलली, तरी पन्नास हजार कमी पडत होते. पावसाळी बंदी उठून ऑगस्टात दर्या उघडेल तोवर इंजिन आलं नाही, तर जानू होडी विकून टाकणार होता. गिऱ्हाईकही ठरलं होतं. (गिऱ्हाईक होडी घेऊन समुद्रात जाणार नव्हतं. ते तिला हायवेलगतच्या हॉटेलात ठेवणार होतं, आणि तिच्यात बसून लोक पापलेट खाणार होते.)

अशा वेळी माणसाला जे भेटतं त्याला लोक दैव म्हणतात. शकूला स्वप्नील भेटला.

स्वप्नील हा जनसिक्का या डिजिटल चलनाचा सहसंस्थापक, किनारपट्टी विभाग. वय सत्तावीस, दाढी कोरलेली, बोलणं गोड. जनसिक्क्याचे एकूण दहा कोटी सिक्के काढलेले होते आणि त्यातला प्रत्येक सिक्का जनतेचा आहे, असं माहितीपत्रकात छापलं होतं. जनता म्हणजे कोण, याची व्याख्या मात्र जागेअभावी दिलेली नव्हती. हॉलमध्ये तारोडी, उत्तन, खारी इकडच्या पन्नाससाठ बायका जमल्या होत्या. वडापाव होता, चहा होता, आणि भिंतीवर एक वर्तुळ दाखवलं होतं. वर्तुळ जवळजवळ सगळं निळं होतं. कडेला एक पिवळी रेघ होती, ती आधी प्रोजेक्टरची खराबी वाटली.

शकूची पुतणी भाविका बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती, त्यामुळे तिने हात वर केला. निळं काय आणि पिवळं काय, असं तिने विचारलं. स्वप्नील म्हणाला, पिवळं म्हणजे आपण सगळे, तीन टक्के. निळं म्हणजे चार जण, सत्याण्णव टक्के. (चौथा त्याचा मेव्हणा होता, पण ही बाब तांत्रिक असल्यामुळे तिची चर्चा झाली नाही.)

हॉलमध्ये जरा चुळबुळ झाली. चार जणांकडे एवढं सगळं म्हटल्यावर बायका एकमेकींकडे बघू लागल्या. स्वप्नील हसला. त्याने समोर कोण बसलंय ते पाहिलं, आणि शास्त्र सोपं करून सांगण्याच्या सद्हेतूने बोलला.

"मावशी, टेन्शनच घेऊ नका. मार्केट म्हणजे आपला दर्या. त्यात छोटी मासळी असते, मोठी मासळी असते, आणि सगळ्यात मोठे असतात त्यांना व्हेल्स म्हणतात. म्हणजे आपले ते… देवमासे."

चुळबुळ थांबली. उत्तनच्या एका म्हातारीने डोक्यावरून पदर घेतला. शकूने हात जोडले.

याला अज्ञान म्हणणं सोपं आहे, पण ते बरोबर होणार नाही. शकूच्या सासऱ्याच्या जाळ्यात एकदा देवमासा आला होता. सासऱ्याने नवंकोरं जाळं कोयत्याने कापलं, त्याला वाट करून दिली, एक नारळ पाण्यात सोडला आणि हात हलवत घरी आला. वर्षभर घर उधारीवर चाललं, पण त्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढला नाही. देवमाशाचं नुकसान होण्यापेक्षा आपलं झालेलं बरं, हा त्या घराचा नियम. अर्थशास्त्रात हाच नियम वेगळ्या शब्दांत सांगतात आणि तो शिकवायला दोन वर्षं लावतात.

"चार हायत?" शकूने विचारलं.

"चार," स्वप्नील म्हणाला.

"आनि ते आपल्याच दर्यात हायत?"

"आपल्याबरोबरच आहेत मावशी. ते आहेत म्हणून तर मार्केट उभं आहे."

शकूने पाटल्यांचे आणि भिशीचे मिळून दोन लाख दहा हजार जनसिक्क्यात घातले. पाच रुपयांना एक, असे बेचाळीस हजार सिक्के आले. ते तीन महिन्यांत पन्नास हजारांची तूट भरून काढतील असं स्वप्नीलने तोंडी सांगितलं. लेखी सांगायला कायदा आड येत होता, असंही त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. भाविकाने फोनवर खातं उघडलं आणि नावाच्या जागी 'शकू तारोडी' असं टाकलं. बाकीचे लोक तिथे वाघ, वादळ, रॉकेट अशी नावं घेतात. शकूला त्याची गरज वाटली नाही.

जनसिक्का बाळगण्याचा विधी धारकांच्या ग्रुपवर आला तेव्हा तर बायकांना तो पाठच होता असं वाटलं. सकाळी उठावं, अंघोळ करावी, भाव बघावा. चढला तर चार जणींना सांगावं, पडला तर मनात ठेवावं. पडल्या भावात थोडं आणखी घ्यावं. विकण्याचा विचार मनात आणू नये, आल्यास ग्रुपवर लिहू नये. जी मध्येच सोडते तिच्या मागे पस्तावा लागतो, जी शेवटपर्यंत धरते तिला फळ मिळतं. शेवट कधी ते सांगितलेलं नव्हतं. उद्यापन नसलेलं व्रत शकूने त्याआधी एकच केलं होतं, ते म्हणजे संसार. तिला काही नवल वाटलं नाही.

देवमाशांचं एक चित्र भाविकाने कुठूनतरी काढून दिलं. ते शकूने देव्हाऱ्याच्या शेजारी लावलं. शेजारची रीमा तर रोज फोनच्या काचेलाच कुंकू लावू लागली, आणि एका मंगळवारी तिचं ओलं बोट 'खरेदी' या बटणावर टेकून सिलिंडरचे पैसे जनसिक्क्यात गेले. कंपनीच्या मासिक अहवालात याची नोंद 'तळागाळातील गुंतवणूकदारांचा उत्स्फूर्त प्रतिसाद' अशी झाली. ती खोटी होती असं म्हणता येत नाही.

जानूचा मात्र विश्वास बसेना. रात्री ताटावर बसला की तो ताटालाच विचारायचा, "मंग, देवमासा शिकला का इंजिन चालवायला?"

ज्येष्ठात ठराव आला.

जनसिक्क्याचा कारभार पूर्ण लोकशाहीने चाले. तिथे एक सिक्का, एक मत. जात, धर्म, लिंग यांवरून सिक्क्यासिक्क्यांत कसलाही भेदभाव नव्हता. ज्याच्याकडे एक सिक्का त्याला एक मत, ज्याच्याकडे अडीच कोटी त्याला अडीच कोटी, इतका स्वच्छ व्यवहार. चार मोठ्या धारकांवर सुरुवातीपासून एकच बंधन होतं, की त्यांनी ठरावीक मुदतीपर्यंत आपले सिक्के विकायचे नाहीत. ते बंधन उठवावं का, असा ठराव होता. मूळ ठराव इंग्रजीत होता. किनारपट्टीसाठी स्वप्नीलने त्याचं मराठी केलं, आणि ते असं होतं:

'देवमाशांना गेले आठ महिने अडकवून ठेवलेले आहे. त्यांना मोकळे सोडावे काय? हो / नाही.'

भाविकाने हे वाचून दाखवलं तेव्हा वलांडीजवळ बसलेल्या बायकांच्या हातातली मासळी हातातच राहिली. शकूला तर ते ऐकवेना. आठ महिने. आणि आपण रोज अंघोळ करून भाव बघत होतो. भाविका सांगायला गेली की काकी, हे तसं नाही, ते विकायला मोकळे होतील. पण देवमासा कशासाठी मोकळा व्हायचा हे विचारण्याची त्या घरात पद्धत नव्हती.

"दाब हो," शकू म्हणाली.

किनारपट्टीने एकमताने 'हो' दाबलं. उत्तनच्या म्हातारीने नातवाच्या फोनवर 'हो' दाबून नारळही फोडला. निकाल लागला: बाजूने नव्व्याण्णव पूर्णांक काही टक्के. त्यातले सत्याण्णव टक्के खुद्द देवमाशांचे होते, म्हणजे बायकांनी 'नाही' दाबलं असतं तरी ठराव झालाच असता. पण लोकसहभागाशिवाय लोकशाहीला शोभा येत नाही, आणि जाळं ज्याचं त्यानेच ते कापावं यात एक वेगळी शोभा असते.

जाळं कापलं गेल्यावर देवमासे काय करतात? जातात. हेही गेले. सकाळी भाव साडेपाच रुपये होता, दुपारी दोन, संध्याकाळी ऐंशी पैसे. देशभरातले लाखो लोक हे बघत होते, आणि एवढी चांगली वस्तू एवढ्या स्वस्तात पुन्हा मिळणार नाही म्हणून घेत सुटले होते. चार जण विकत होते आणि लाखभर घेत होते. भाविकाने स्वतःचे थोडे होते ते विकले आणि पळत आली.

"काकी, विकून टाक. अजून तीसेक हजार तरी हातात येतील."

शकू बोंबील उलटत होती. तिच्या सासूचा एक नियम होता: देवमासा सुटला की पुनव होईपर्यंत ते जाळं पाण्यात टाकायचं नाही. ना टाकायचं, ना शिवायचं, ना विकायचं.

"पुनवेपत्तुर हात न्हाय लावायचा," ती म्हणाली.

"पुनवेपर्यंत काही उरणार नाही गं."

"न्हाय उरला तर न्हाय उरला."

हे म्हणताना तिचा आवाज नेहमीसारखाच होता, पण त्या दिवशी तिने एकाच वलांडीवरचे बोंबील तीनदा उलटले. जानूला कळलं तेव्हा त्याने टोमणा मारला नाही. तो उठला आणि हॉटेलवाल्याला फोन करायला बाहेर गेला. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

वटपौर्णिमेला तिने वडाला सूत गुंडाळलं, घरी येऊन भाविकाला फोन उघडायला सांगितला. भाव सात पैसे होता. बेचाळीस हजार सिक्क्यांचे दोन हजार नऊशे चाळीस रुपये होत होते. त्यात इंजिनाचा पट्टा आला असता.

त्याच दिवशी जनसिक्क्याचा विशेष अहवाल निघाला. ज्याचं स्वप्न सगळे विचारवंत बघत आले ती गोष्ट घडली असल्याचं त्यात जाहीर केलं होतं. संपत्तीचं केंद्रीकरण संपलं होतं. आता एकाही माणसाकडे एकूण सिक्क्यांचा एक टक्काही नव्हता. दहा कोटी सिक्के लाखावर सामान्य माणसांत वाटले गेले होते. समता आली होती. (सिक्क्यांना किंमत होती तेव्हा समता नव्हती आणि समता आली तेव्हा सिक्क्यांना किंमत नव्हती, पण दोन्ही एकदम मागणं हा हावरटपणा झाला.) स्वप्नीलने सर्वांचं अभिनंदन करणारा व्हिडिओ पाठवला. त्याच्या मागे समुद्र दिसत होता. तो उत्तनचा नव्हता, कारण किनाऱ्यावर कुठेही मासळी वाळत नव्हती.

अहवालाच्या शेवटी सर्वात मोठ्या धारकांची नवी यादी होती. पहिलं नाव: शकू तारोडी.

भाव कोसळत असताना देशभरातल्या धारकांनी एकतर रडत विकलं होतं किंवा घाबरत घेतलं होतं. या एका खात्याने बोटसुद्धा हलवलं नव्हतं. जाणकार मंडळींनी रात्ररात्र त्यावर चर्चा केली. हा माणूस कोण? याला काय माहीत आहे? एकाने तारोडी नकाशावर शोधून काढली. दोन दिवसांत त्या खात्याला नाव पडलं: तारोडीचा देवमासा.

दर्शनाला पहिला आला तो समाधान. हा खारीजवळ राहतो आणि एका खाजगी बँकेत नोकरी करतो. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून पैसे गुंतवू नका, असे जे संदेश आपल्या सगळ्यांच्या फोनवर येतात, त्यांचं मराठी तो लिहितो. उत्तनच्या बसमधून उतरून, विचारत विचारत, तो वलांडीपाशी आला.

"मावशी, त्या तुम्हीच का?"

"बोंबील पायजेत?"

"नाही. म्हणजे द्या अर्धा किलो. मी जनसिक्क्याचं विचारतोय. सगळे विकत होते तेव्हा तुम्ही का नाही विकलंत?"

"पुनव न्हवती झाली."

समाधानने हे लिहून घेतलं. रात्री ग्रुपवर 'चांद्रमासिक धारणनीती' या नावाचा त्याचा लेख आला, आणि पुढचे काही आठवडे मीरा रोडच्या सुशिक्षित घरांत पंचांगांचा खप वाढला. पण त्या वेळी तो निघताना शकूने त्याला थांबवलं होतं. पोरगा साधा दिसत होता, पायात बूट घालून वाळूत आला होता.

"घेव नको पोरा," ती म्हणाली. "त्यात काय न्हाय. माजं बुडलं."

समाधान गहिवरला. जिच्याकडे सर्वात जास्त आहे ती आपल्याला घेऊ नको म्हणते, याचा अर्थ एकच होता: तिला स्वतःला आणखी घ्यायचं आहे. त्याने बसमध्येच पन्नास हजारांचे घेतले आणि ही बातमी फक्त जवळच्या माणसांना सांगितली. ती चारशे होती.

मग रीघ लागली. वसईहून आले, ठाण्याहून आले, एक बाई मुलाच्या ॲडमिशनचे पैसे घेऊन आली. शकू प्रत्येकाला तेच सांगे, घेव नका. लोक पाया पडून जात आणि घेत. भाव एक रुपया झाला, मग दोन, मग साडेतीन. बोंबीलही खपले, पण त्याला गर्दीचं कारण म्हणता येत नाही. येणारे निम्मे लोक शाकाहारी होते.

आषाढ सरत आला तेव्हा हॉटेलवाला टेप घेऊन होडीची लांबी मोजून गेला. शकूने भाविकाला बसवून ग्रुपवर एक निवेदन टाकायला लावलं. एवढ्या लोकांना एकेकाला सांगण्यापेक्षा एकदम सांगितलेलं बरं, आणि कुणाला अंधारात ठेवल्याचं पाप आपल्याला नको. निवेदन तिने सांगितलं तसंच भाविकाने लिहिलं:

'मी शकू. रविवारी माझे सगळे सिक्के विकणार आहे. आम्हाला इंजिन घ्यायचं आहे. कोणी विकत घेऊ नये. घेतल्यास आमची जबाबदारी नाही.'

आर्थिक व्यवहारांच्या इतिहासात एवढं खरं निवेदन क्वचितच निघालं असेल. ते वाचून जाणकारांमध्ये खळबळ उडाली. इंजिन. तारोडीच्या देवमाशाने 'इंजिन' हा शब्द वापरला होता. जनसिक्क्याचं नवं इंजिन येतंय, आधीपेक्षा चाळीसपट वेगवान, असं शनिवारपर्यंत सर्वांना कळलं होतं. त्या इंजिनाची एक आकृतीही फिरत होती. आणि 'घेऊ नये' याचा अर्थ काय होतो, हे आता लहान मुलांनाही ठाऊक होतं.

रविवारी सकाळी भाव साडेसहा रुपये होता. शकूने देव्हाऱ्यापुढे दिवा लावला आणि भाविकाने विकलं. दोन लाख त्र्याहत्तर हजार आले. दुपारपर्यंत भाव चार पैशांवर होता, पण तोवर जानू मिस्त्रीला घेऊन दुकानात पोहोचला होता.

रात्री जानू पहिल्यांदा ताटावरून मान वर करून जेवला. शकूला मात्र घास जाईना. ती ॲडमिशनवाली बाई तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

"त्यांचा पैसा हाय तो," ती म्हणाली.

"तू सांगितलंस ना त्यांना?"

"सांगितला. लिवून पन दिला."

"मंग? आपन दर्यातल्या जाल्यावर पाटी लावली, की बाबांनो हे जालं हाय, तरी मासली येतेच. मासलीला कुटं वाचाया येतंय?"

शकूने ताट बाजूला सारलं.

"यांना येतंय," ती म्हणाली.

जानूने भात वाढून घेतला.

एक ऑगस्टला दर्या उघडला आणि होडी स्वतःच्या इंजिनावर बाहेर पडली. इंजिन उत्तम चालतंय. ज्या गुंतवणूकदारांना ते बघायचं असेल त्यांनी पहाटे तारोडीच्या किनाऱ्यावर यावं. हक्काने यावं, संकोच करू नये, त्यातला प्रत्येक नटबोल्ट त्यांचाच आहे. आणि ज्या वाचकांकडे एकही जनसिक्का नाही, आणि जे इथवर स्वतःच्या शहाणपणावर खूश होत आलेत, त्यांनाही निराश होण्याचं कारण नाही. भाव सध्या चार पैसे आहे. शकूचं तुम्हाला आजही हेच सांगणं आहे की घेऊ नका.